समारंभाचा पोशाख, गोव्याची हवा आणि दर मोसमाची फॅशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक 34 वर्षांच्या भगिनी लग्नानंतर पुण्याहून पर्वरीला राहायला आल्या आहेत. सासरचे कुटुंब मोठे असल्यामुळे चतुर्थी, जत्रा, बारशी, लग्ने आणि कार्यालयातील सहकाऱ्यांच्या मेजवान्या असे वर्षभर काही ना काही चालू असते. दर मोसमात नवे काय आले आहे ते पाहून त्या खरेदी करतात, तरीही छायाचित्रांत आपण अवघडलेल्या आणि परक्या दिसतो, असे त्यांना वाटते. मोसमी फॅशन किती पाळावी आणि स्वतःची शैली कशी ओळखावी, असे त्यांनी विचारले आहे. येत्या डिसेंबरात नणंदेचे लग्न आहे, सकाळी देवळात विधी आणि संध्याकाळी समुद्राजवळच्या हॉटेलात स्वागत समारंभ, त्यासाठी काय नेसावे, हेही त्यांना हवे आहे.

म्हापशात गेली 27 वर्षे मी ब्लाउज, परकर-पोलकी, लग्नाचे पोशाख शिवते आहे आणि साड्या नेसवून देते आहे. कपडे घालून पाहायला बाई आरशापुढे उभी राहिली की मी आधी तिच्या हातांकडे पाहते. एकीचा हात सारखा खांद्यावर जातो, कारण गळा सरकतो. दुसरीचा हात कमरेवर जातो, कारण नाडी काचते किंवा निऱ्या सुटतील असे तिला वाटत असते. तिसरी काखेपाशी ब्लाउज खाली ओढते. छायाचित्रांत आपण परक्या दिसतो असे तुम्ही म्हणता, तेव्हा तुमची जुनी छायाचित्रे काढून त्यांत तुमचे हात कुठे आहेत ते एकदा पाहा, असे मी सुचवीन. ज्या छायाचित्रात हात मोकळे आहेत, कुणाच्या तरी खांद्यावर, ताटाखाली किंवा मुलाच्या डोक्यावर आहेत, तो पोशाख तुमचा आहे. ज्यात हात कपडा सावरत आहेत, तो पोशाख कितीही महाग आणि कितीही नवा असला तरी तुमचा झालेला नाही. मला विचाराल तर शैली ओळखण्याची सुरुवात इथून होते. रंग, वाण आणि फॅशन यांची पाळी त्यानंतर येते.

तुमच्या अवघडलेपणाचे निम्मे कारण बहुधा तुम्ही नसून गोव्याची हवा आहे. पुण्यात जो कपडा अंगावर फुलून बसतो, तोच इथे दोन तासांत ओलसर होऊन चिकटतो. जुलैत पणजीच्या हवेतील आर्द्रता 85 ते 90 टक्क्यांच्या घरात असते आणि वर्षाचा पाऊस सुमारे 3000 मिलिमीटर पडतो. आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे डिसेंबरातही दुपारचे तापमान 32 ते 33 अंशांपर्यंत जाते, म्हणजे मे महिन्याच्या दुपारपेक्षा फार कमी नसते. रात्री ते 21 अंशांच्या आसपास उतरते आणि हवा थोडी कोरडी होते, एवढाच आपला हिवाळा. मासिकांत आणि दुकानांच्या काचेत जो थंडीचा मोसम दाखवतात, तो दिल्लीच्या किंवा युरोपच्या थंडीवर बेतलेला असतो. मखमल, जाड ब्रोकेड आणि पूर्ण बाहीचे अस्तर लावलेले जॅकेट यांना इथे दुपारच्या समारंभात जागा नाही.

हा धडा मला माझ्या चुकीतून मिळाला. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वधूच्या बहिणीसाठी मी मखमली ब्लाउज शिवले होते, कारण त्या साली सगळीकडे मखमल दिसत होती आणि लग्न डिसेंबरचे होते. मुहूर्त दुपारी बाराच्या सुमाराचा होता. तिला इतका घाम आला की मी न भिजवता वापरलेल्या गडद अस्तराचा रंग सुटला आणि तिच्या फिक्या रेशमी साडीच्या खांद्यावर तपकिरी डाग उमटला. मी शिलाई परत केली आणि क्षमाही मागितली, पण साडी तिच्या आईची होती. तेव्हापासून प्रत्येक अस्तर मी आदल्या रात्री पाण्यात भिजवते, सावलीत वाळवते आणि ओले असतानाच पांढऱ्या कापडावर घासून पाहते. अस्तर टू बाय टू रुबियाचे, म्हणजे तलम सुती कापडाचे, किंवा मलमलीचेच वापरते. तयार ब्लाउजमध्ये जे चकचकीत कृत्रिम अस्तर असते, ते मला मान्य नाही, आणि त्याचे कारण सांगायलाच हवे.

कापड हवेतला दमटपणा आणि अंगाचा घाम किती शोषून घेते, यावर आपला सगळा समारंभ अवलंबून असतो. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के, रेशीम 11 टक्के आणि लिनन 12 टक्के ओलावा धरून ठेवते, तर पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के धरते. म्हणून पॉलिएस्टर घातले की घाम कापडात जिरत नाही, तो कातडी आणि कापड यांच्या मधे साचतो. रेशीम आणि सूत यांच्यात दमटपणा वाढला की कापड जड होते, पण श्वास घेत राहते. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, ओलावा भरपूर शोषते, परंतु ओले झाले की त्याची ताकद बरीच कमी होते, तेव्हा काखेतली शिवण उसवते ती त्याचीच. सूत मात्र ओले झाल्यावर अधिक बळकट होते. दुकानात 'सॉफ्ट सिल्क' किंवा 'आर्ट सिल्क' म्हणून जे विकले जाते, त्यातले पुष्कळसे पॉलिएस्टर असते. शुद्ध रेशमाची खात्री हवी असेल, तर केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 साली सुरू केलेले सिल्क मार्कचे लेबल पाहावे. लेबल नसेल आणि दुकानदाराची हरकत नसेल, तर पदराच्या टोकाचा एक धागा जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी होतो.

आता चतुर्थी. इतर सर्व सणांपेक्षा मी हिच्याविषयी जास्त लिहिणार आहे, कारण गोव्याच्या सुनेची खरी कसोटी इथेच असते. भाद्रपदात पाऊस अजून चालू असतो, मूळ घरात तीस-चाळीस माणसे जमलेली असतात, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधून झालेली असते आणि स्वयंपाकघरात खतखते, नेवऱ्या, पंचखाद्य यांची धांदल असते. सकाळी पूजेला बसायचे, मग चुलीपाशी जायचे, मग पंगत वाढायची आणि घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर होणाऱ्या आरतीला पुन्हा उभे राहायचे. एवढ्या वेळात दोनदा साडी बदलायला सवड नसते. अशा वेळी कृत्रिम धाग्याची भरजरी साडी नेसून आगीजवळ जाणे मला भयंकर वाटते. समईच्या ज्योतीने सूत पेट घेते हे खरे, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते आणि जखम खोल जाते. तेव्हा पूजेच्या आणि स्वयंपाकाच्या दिवशी सुती किंवा सूत-रेशीम मिश्र साडी नेसा. बागलकोटकडची इरकल ही माझ्या मते या कामासाठी फार चांगली. तिचे अंग सुती असते, पदर लाल-पांढऱ्या रेशमाचा असतो आणि अंगाचे आणि पदराचे ताणे, म्हणजे उभे धागे, टोप-तेणी पद्धतीने फासे घालून जोडलेले असतात. म्हणजे जिथे काम आहे तिथे सूत, आणि जिथे लोकांची नजर जाते तिथे झळाळी. तिला तिकडच्याच गुळेदगुड्डच्या खणाचे ब्लाउज शिवले, तर वेगळ्या दागिन्यांची फारशी गरज राहत नाही. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून कोपरापर्यंत बाही हवी असेल तर शिंप्याला विचारल्याशिवाय कापड घेऊ नका.

या दिवसांत साडी नेसताना एक गोष्ट हटकून चुकते. घरून निघताना उंच टाचेच्या चपला घालून निऱ्यांची उंची धरली जाते आणि देवघरात, देवळात किंवा ओसरीवर चपला काढाव्याच लागतात. मग साडी दोन-तीन इंच जमिनीवर लोळते, ओल्या अंगणातली जांभ्याची लाल माती काठाला लागते आणि ती फिक्या कापडावरून सहजी जात नाही. ज्या समारंभात दिवसातून एकदाही अनवाणी चालायचे आहे, त्या समारंभाची साडी अनवाणी उभे राहूनच नेसायची आणि परकर साडीपेक्षा अर्धा इंच आखूड ठेवायचा. चपला सपाट घालाव्यात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थानांत जाताना तर हे कायमचे ध्यानात ठेवावे. तिथे तोकडे आणि बिनबाह्यांचे कपडे टाळावेत हे वेगळे सांगायला नको.

श्रावणातील आयतारपूजन (रविवारी करायची पूजा), संक्रांतीचे हळदीकुंकू, बारसे, मुंज या घरगुती कार्यांविषयी फार लिहीत नाही. तिथे माणसे ओळखीची असतात आणि आपण खाली, चटईवर बसतो. बसल्यावर गुडघ्यावर ताण न येणारा, फार घेर नसलेला पोशाख पुरे. संक्रांतीला काळे नेसायची आपली जुनी रीत आहे आणि गडद काळ्यावर कुठलाही काठ उठून दिसतो, म्हणून त्या एका दिवसासाठी एक चांगली काळी सूत-रेशमी साडी जवळ असावी. ती दहा वर्षे पुरेल.

कॅथलिक शेजारी आणि सहकारी यांच्या लग्नाला जाताना मात्र थोडे भान ठेवावे लागते. तिथे वधू पांढऱ्या गाऊनमध्ये असते, तेव्हा पाहुण्या स्त्रीने पांढरा किंवा अगदी फिका मोतिया रंग टाळणे हा सभ्यपणा आहे. दुसऱ्या टप्प्यात वधू जो लाल पोशाख घालते, त्याला साडो म्हणतात. साडोचे कापड कापायला पूर्वी शिंप्याला घरी बोलावण्याची पद्धत होती, आणि कात्री लागली की फटाके उडवत. आमच्या व्यवसायाला असा मान देणारी ही रीत मला फार प्रिय आहे. म्हणून त्या दिवशी भडक लाल रंगही वधूसाठी सोडून द्यावा. हिरवा, निळा, वांगी, मोरपिशी यांतला रंग निवडावा, खांदे चर्चमध्ये झाकलेले असावेत आणि रोसच्या विधीला जायचे असेल, तर अंगावर नारळाचा रस उडेल हे गृहीत धरून धुता येईल असा सुती पोशाख करावा.

गोव्याची म्हणून जी साडी आज सर्वत्र ओळखली जाते, ती कुणबी साडी. लाल-पांढऱ्या चौकड्यांची, जाड सुताची, गुडघ्याच्या थोडी खाली येणारी आणि खांद्यावर गाठ मारून नेसली जाणारी ही साडी कुणबी-गावडा समाजातील शेतात राबणाऱ्या स्त्रियांची. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती हातमागावर पुन्हा विणून घेऊन फॅशनच्या व्यासपीठावर आणली. त्यांना 2014 साली पद्मश्री मिळाली, 2020 साली ते निधन पावले आणि राहत्या घराला गोव्याच्या वेशभूषेच्या संग्रहालयाचे रूप देण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. मी ही साडी दुपारच्या समारंभासाठी नेहमी सुचवते, कारण ती सुताची आहे, इथल्या उकाड्याची आहे आणि दूरवरून ओळखता येते. परंतु तिच्यावर टिकल्यांचे ब्लाउज आणि जड सोन्याचे दागिने घालून तिचा वेष पालटून टाकू नये, असे माझे मत आहे. साधे, अंगाबरोबरचे ब्लाउज, गळ्यात एखादी काळ्या मण्यांची सर, केसांत आबोली, एवढे पुरे. ज्या समाजाची ती साडी आहे, त्या स्त्रिया ती कशी नेसतात हे पाहून नेसणे हा त्यांच्याविषयीचा आदर आहे.

मोसमी फॅशनविषयी तुम्ही स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगते. दर मोसमात बदलण्याजोगे आणि स्वस्तात बदलता येण्याजोगे असे तीनच ठिकाणी असते: ब्लाउजची बाही आणि गळा, रंगाची एक लहानशी छटा आणि कानातले. साडी किंवा लेहेंगा फॅशनच्या मागे लागून विकत घेऊ नका. तो कापडावर, विणीवर आणि आपल्या अंगावर पारखून घ्या. उदाहरण ऑर्गेन्झाचे, म्हणजे पातळ, पारदर्शक आणि कडक कापडाचे, घेऊ. मागची काही वर्षे सर्वत्र ऑर्गेन्झाच्या साड्या होत्या. रेशमी ऑर्गेन्झा कडक राहते, कारण रेशमावरचा नैसर्गिक डिंक, ज्याला सेरिसिन म्हणतात, त्यात तसाच ठेवलेला असतो. कोरड्या हवेत ती कमळासारखी फुलून उभी राहते. आपल्या दमट हवेत त्या डिंकाचा कडकपणा उतरतो, पदर ढिला पडतो आणि बसल्या ठिकाणी पडलेली घडी उभे राहिल्यावर मोडत नाही. ती नेसायचीच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळी आणि वातानुकूलित सभागृहात नेसा. टिकल्यांच्या साडीचे म्हणाल, तर टिकली कधीच काखेपासून दोन इंचांच्या आत येऊ देऊ नका, आतून तिच्या कडा कातडी खरवडतात. आधीच नेसवलेली, म्हणजे निऱ्या शिवून दिलेली तयार साडी अवघडलेल्या मुलींना सोयीची वाटते. मला तिची एकच हरकत आहे, ती एकाच उंचीसाठी आणि एकाच कमरेसाठी बसते. शिवताना निऱ्यांच्या आत चार इंचांची मुभा ठेवून घ्यावी.

रंगाचे एक उदाहरण देते. पॅन्टोन ही रंगांची कंपनी दर वर्षी एक रंग जाहीर करते आणि मग दुकाने त्याच रंगाने भरतात. 2024 साली तो पीच फझ होता, 2025 साली मोका मूस. पीच फझ म्हणून जे आले, त्याला आपल्याकडे आबोली म्हणतात, आणि आबोलीचा गजरा आपल्या आजीने केसांत माळला होता. म्हणून तुम्हाला तो रंग शोभेल की नाही, याचे उत्तर दुकानातल्या काचेत शोधण्यापेक्षा आबोलीचे फूल गालाजवळ धरून पाहणे सोपे. मात्र साडी आबोली आणि गजराही आबोली झाला की दोन्ही एकमेकांत बुडून जातात, तेव्हा ब्लाउज पोपटी किंवा गर्द हिरवे घ्यावे. दुसरी गोष्ट अशी की रंग नेहमी समारंभाच्या वेळेच्या उजेडात पाहावा. दुकानातील पांढऱ्या एलईडीत जो राखी-जांभळा शोभिवंत वाटतो, तो समईच्या पिवळ्या उजेडात मळकट दिसतो. मी कापड नेहमी दाराशी, उंबऱ्यापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहते आणि मग पुन्हा आत आणून पिवळ्या दिव्याखाली पाहते. सावळ्या रंगाला फिके रंग शोभत नाहीत, हा समज मला मुळीच मान्य नाही. फिका रंग चेहऱ्याशी किती तफावत ठेवतो, एवढेच पाहायचे असते. तफावत कमी वाटली, तर गळ्याला गडद पायपिंग लावा. त्याच पायपिंगने माझ्याकडची कित्येक ब्लाउजे वाचली आहेत.

2017 साली अनुष्का शर्मांनी इटलीतील लग्नात फिका गुलाबी लेहेंगा घातल्यापासून आपल्याकडेही फिक्या रंगांची लाट आली आणि अजून ती पुरती ओसरलेली नाही. इटलीच्या त्या डिसेंबरात थंडी होती आणि उजेड मऊ होता. गोव्याच्या दुपारच्या उन्हात, जांभ्याच्या लाल मातीवर आणि हिरव्या माडांसमोर तोच फिका रंग उडून जातो. दुपारी गडद आणि संध्याकाळी फिका, हा क्रम आपल्या उजेडाला जास्त मानवतो, असा माझा अनुभव आहे.

आता मापाविषयी, कारण महागातल्या कापडाचा घात तिथेच होतो. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग, सैल असला की आराम मिळतो, असे बहुतेकींना वाटते, पण प्रत्यक्षात उलट घडते. मुंढा खोल असला की हात वर करताच सबंध ब्लाउज वर ओढले जाते आणि पोट उघडे पडते. मुंढा काखेखाली एक बोटभर जागा सोडून वर चढवलेला असला, तर बाही तेवढीच हलते आणि अंग तसेच राहते. मोठ्या गळ्याची फॅशन असताना गळा खांद्यावरून सरकत असेल, तर मागे एक दोरी लावून घ्या. ब्लाउज घालून पाहताना पाच गोष्टी करून पाहा: दोन्ही हात डोक्यावर जोडा, समोर ताट वाढल्यासारखे वाका, खाली बसा, खोल श्वास घ्या आणि दहा मिनिटे आरशापासून दूर राहा. दहा मिनिटांनी कपड्याची आठवण झाली नाही, तर तो बरोबर बसला आहे. शिवणीत दोन्ही बाजूंना दाब, म्हणजे जास्तीचे कापड, ठेवायला शिंप्याला सांगा, कारण सणांच्या जेवणांनी माप बदलते आणि बाळंतपणानेही बदलते.

जतन करणे हे शैलीचाच भाग आहे, तेव्हा ते वगळता येत नाही. पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी धरते. पूर्वी आमच्या घरी कपाटात लहानसा पिवळा बल्ब पेटता ठेवत, त्याच्या उष्णतेने हवा कोरडी राहायची. आताचा एलईडी बल्ब तेवढा तापत नाही, म्हणून तो ठेवून उपयोग नाही. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी दार उघडून पंखा लावा. जरीची साडी प्लॅस्टिकच्या आवरणात कधीच ठेवू नका, सुती मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, आणि अत्तर नेसायच्या आधी अंगाला लावा, साडीवर फवारू नका, नाहीतर जरीचा रंग काळवंडतो. तीन महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या रेषेवर घाला, नाहीतर जुन्या घडीवर रेशीम फाटते. चतुर्थी संपली की ऑक्टोबरातल्या पहिल्या कोरड्या दिवशी सगळ्या साड्या सावलीत वाऱ्यावर टाकणे हा माझ्या घरातला सणच आहे.

आता नणंदेच्या लग्नाकडे वळते. सकाळी देवळात विधींसाठी तुम्ही वहिनी म्हणून सतत उठ-बस कराल, ताम्हण द्याल, पाहुण्यांना पाटाशी न्याल, म्हणून हलक्या वजनाची आणि गडद रंगाची सूत-रेशमी साडी नेसा, पैठणीच नेसायची असेल तर लहान काठाची. कांजीवरम कित्येकदा पाऊण किलोपर्यंत जड असते, ती सकाळसाठी नको. अनवाणी उंचीवर नेसा. हिरवा चुडा वधूचा असतो, तुमच्या हातात दोन-चार हिरव्या बांगड्या पुरे, नाहीतर वाढताना त्या ताटाला आपटतात. संध्याकाळी हॉटेल समुद्राजवळ असल्यामुळे वारा येईल. अशा ठिकाणी फार हलका पदर उडतो, म्हणून काठ जड आणि अंग हलके अशी साडी निवडा, पदर चुण्या घालून खांद्यावर नीट टाचा. तिथे फिका रंग, मोठे कानातले आणि या मोसमाची बाही या तीनही गोष्टींना मुभा आहे, कारण तिथे काम नाही, फक्त भेटीगाठी आहेत. वाळूवरून चालावे लागणार असेल तर चपलांच्या टाचा रुंद असाव्यात. तुमच्या यजमानांसाठी लिननचा किंवा सुती रेशमी कुर्ता पुरे, बंद गळ्याचे कोट फक्त संध्याकाळी.

ब्लाउजचे कापड दिवाळीच्या आधीच माझ्याकडे आणून द्या. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे एकाच आठवड्यात इतकी कामे येतात की दुसऱ्यांदा घालून पाहायला वेळ देता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती दुसरी वेळ टाळू नये, असे मला मनापासून वाटते. पहिल्यांदा याल तेव्हा ज्या छायाचित्रात हात मोकळे आहेत, ते छायाचित्र आणि त्यातले ब्लाउज बरोबर आणा. माप आपण त्यावरूनच घेऊ.